लाल कार्डाचे बेचाळीस ‘हव’

३ फेब्रुवारी, सकाळी ११
मोबाइलवर रिपोर्ट वाचला. कम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाचा मार्केट शेअर: शंभरात नव्वद हिरवी कंपनी, उरलेल्यात लाल. साफ खोटं! हे शंभर मोजले कोणी? आमच्या रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात तर कुत्रं नाही आलं मोजायले. माझ्या दुकानात वीस लाल कार्डं आहेत. समोर निरंजनकडे सगळी हिरवी. निरंजन म्हणजे माझ्या बायकोचा, शारदाचा सख्खा भाऊ. रिपोर्टमागे त्याचाच हात असावा.

दुपारी
शारदा म्हणते, पुरे झालं तुमचं लाल-लाल. या महिन्यात दहा कार्डं गेली नाही, तर अर्धं दुकान माझ्या फॉल-पिकोच्या मशीनले. मी म्हटलं, मंजूर! बावीस वर्षांचा कम्प्युटरचा बोर्ड माझा, त्याच्याखाली फॉल-पिको? बाहेर जाऊन बोर्ड पुसून आलो. तिले दिसू नाही दिलं.

५ फेब्रुवारी
स्वतःचा सर्व्हे सुरू. वहीत दोन रकाने. जो येईल त्याले सांगतो: लालमध्ये दम आहे, लालच घ्या, बरोबर ना? तो म्हणतो, हव. हव म्हणजे हो. रायपूरचा माणूस खोटा हव म्हणत नाही. आज सात. हिरव्यात भोपळा.

९ फेब्रुवारी
पोस्टमन, पानवाला, माउस बदलायले आलेली ब्राह्मणपाऱ्याची कमला दीदी. सगळे हव! एकूण एक्केचाळीस. शारदालेही विचारलं, दहा जातील ना? भाजी चिरता चिरता म्हणाली, हव. बेचाळीस. लाल शंभर टक्के. विक्री नाही अजून. लोक मनातल्या मनात ठरवून राहिले.

१४ फेब्रुवारी
शारदा निरंजनच्या दुकानात वीस मिनिटं! मी शटरच्या आडून पाहिलं. विचारलं तर म्हणे, भावाले तिळाचे लाडू दिले. संक्रांत होऊन महिना झाला! डब्यातून माझे आकडे गेले असावेत. वही आता गादीखाली.

१७ फेब्रुवारी
समता कॉलोनीचा दयाराम, हव नंबर तीन, निरंजनकडून हिरवा डबा घेऊन निघाला. रस्त्यातच धरला. तू तर हव म्हटला होता! म्हणे, भैया, वो तो मैं सुन रहा था, इसलिए हव बोला. बिचाऱ्यावर दबाव असन. वहीतली त्याची रेघ खोडली नाही.

२० फेब्रुवारी
गेलं! एक गेलं! राधिका नावाची कॉलेजची पोट्टी. निरंजनच्या दुकानातून निघाली आणि सरळ माझ्याकडे! म्हणे, लालच पाहिजे. भावही नाही केला. वारं फिरून राहिलं. नऊ तर आता हसत जातील.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी
राधिका आली होती. बिलावर नाव चुकलं होतं. सहज विचारलं, हिरवं सोडून लाल काहून? म्हणे, निरंजन भैयाच बोलले, तुमचं काम लालवर होते, समोर जा, आमच्या जिजाजीचं एक तरी जाऊ द्या. त्यांची शारदा दीदी लाडू घेऊन तेच सांगायले आली होती म्हणे.

गादीखालून वही काढली.

एकूण विक्री: एक.

शारदा मशीन घेऊन आली. मागे कमला दीदी, हातात तीन साड्या. शारदाने विचारलं, देता ना अर्धं दुकान? मी म्हटलं, हव. म्हणे, हा हव ऐकल्याचा की दिल्याचा? काउंटर मीच सरकवला. साड्या ठेवायले टेबल नव्हतं. एकोणीस लाल डबे रचून दिले. उंची बरोबर आली.