ओठांवर सारखेच

प्रिय नान्या,

तू रुसलायस, कळतंय मला. फोनवर ‘बरंय ना सगळं?’ एवढंच विचारतोस आणि ठेवून देतोस. मागच्या खेपेला ठकीनं तुझं जे स्वागत केलं, ते कुणीही मनाला लावून घेतलं असतं. तू बाहुली पुढे केलीस, तिनं ती भिरकावली, तुला ओलांडून जिन्यापर्यंत धावली आणि परत येऊन कपाटामागे बसली ती तू निघेपर्यंत. जाताना तू म्हणालास, “ताई, पोरीला मी नकोसा झालोय.” मी सारवासारव केली. खरं कारण तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

ते ठकीच्या शाळेतल्या बाईंमुळे कळलं. ऐकू न येणाऱ्या या मुलांना ओठ वाचायला त्याच शिकवतात. त्यांनी मला आरशासमोर बसवलं आणि आवाज न काढता ‘मामा’ म्हणायला लावलं. मग ‘बाबा’. तूही करून बघ, काडीचा फरक दिसत नाही. दोन्ही वेळा ओठ मिटतात नि उघडतात. फरक आत असतो. ‘म’ला हवा नाकातून जाते, ‘ब’ला नाकाची वाट बंद. आपल्याला तो ऐकू येतो, म्हणून कधी जाणवतच नाही. जिला नुसतं दिसतं, तिनं काय करावं?

तू यायच्या दिवशी सकाळपासून मी तिला सांगत होते, मामा येणार, मामा येणार. पोरगी नुसती नाचत होती. स्वतःहून वेणी घालून घेतली. मला वाटलं, मामाची केवढी ही ओढ! आणि दार उघडलं, तर तू.

तुझे दाजी ट्रकवर असायचे, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. दर खेपेला मी तिला सांगायचे, ‘बाबा गेले’, आणि ते परत यायचे. त्या अपघातानंतरही मी तेच म्हणाले, बाबा गेले. दुसरा शब्द तोंडातून फुटेना. तिच्या लेखी ते कामावरच होते रे.

मग बाईंनी तिचं बोट माझ्या नाकाला टेकवायला शिकवलं. ‘माळ’ म्हटलं की नाक थरथरतं, ‘बाळ’ म्हटलं की गप्प. चित्रं दाखवून रोज घोकत होतो. मध्येच मला सर्दी झाली, तर माझी माळसुद्धा बाळ व्हायला लागली! बाईही हसल्या. ठकीही हसली, किती दिवसांनी.

रविवारी मी तुझा आणि दाजींचा, असे दोन फोटो मांडले. तिनं बोट टेकवून मला दोन्ही शब्द पुन्हापुन्हा म्हणायला लावले. मग दाराकडे हात करून भुवया उडवल्या. म्हणजे, त्या दिवशी कोण येणार होतं? मी म्हटलं, मामा. बोट तसंच ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं दाजींचा फोटो उचलला. मी सांगितलं, बाबा येणार नाहीत. कधीच नाहीत. ती रडली नान्या, आणि त्यांच्यासाठी मीही पहिल्यांदाच मोकळी रडले.

आज सकाळी ती दारापाशी उभी राहून काहीतरी विचारत होती. आवाज कानाला ‘बाबा’सारखाच आला. वळून बघितलं, तर तिनं स्वतःचं बोट स्वतःच्या नाकावर धरलं होतं. ती तुला विचारत होती. म्हणून लगेच लिहायला बसले. येशील ना?

तुझीच,
ताई