टॉकीजमधला दारुड्या अन् आमचा

७ फेब्रुवारी १९६४, अमरावती
तो दारूचा जुना शिनेमा पुन्हा लागला. पंचवीस वर्षांमागं अकोल्याले तंबूत पाहिला होता. इतकी रडली होती मी, पदर पिळून निघाला असता. ललिता म्हणे, "आजी, रविवारी चाल." नात मास्तरीण झाली, मले अक्षरं शिकवली तिनंच, तिकीटही तिचंच. मी काहून नाही म्हणू!

९ फेब्रुवारी
पाहून आली. एक टिपूस आलं नाही डोळ्यात. पडद्यावरची बाई नवऱ्याचे पाय धरते, तो लाथ मारते, ही पुन्हा तेच पाय चेपते. मागच्या पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. ललिता कानात म्हणे, "हिचे हात कोणी बांधून ठेवले हायेत का?" तवा आमी साऱ्या बाया तिले देवी समजत होतो. येड्या होतो.

अन् तो दारुड्या! भिंतीवर आदळते, खांबाले मिठी मारते, झुलते. लोक पोट धरून हसले. घरी येणारा दारुड्या असा झुलते काय? आमचा बुढा पिऊन आला की सुतासारखा सरळ चाले. एकेक पाऊल मोजून. दारात वहाणा काढून जोडीले जोड लावे, मंग वाकून पुन्हा सरळ करे. शुद्धीत असला की एक वहाण ओट्यावर, एक गल्लीत! जोडीनं लावलेल्या वहाणा दिसल्या की मी लेकरं घेऊन मागच्या दारानं शेजारच्या दुर्गाबाईकडे निघून जात होती.

एक गोष्ट मात्र खरी दाखवली. बाहेर पाय वाजले की त्या बाईचा भाकरीवरचा हात थांबते. तिथं कोणी हसलं नाही. बाया तर नाहीच.

१० फेब्रुवारी
बुढ्याले शिनेमा सांगितला. वहाणांचंही लिहिलं म्हणून सांगितलं. त्यानं अंगणाकडे पाहिलं. मंग म्हणे, "खोटं नाही लिवलं."
छप्पनसाली नागपूरहून दीक्षा घेऊन आला, दारू न पिण्याची शपथ घेऊन आला. तवापासून थेंब नाही. सात वर्षं झाली, वहाणा अंगणभर. मी शिव्या देत उचलते. बरं वाटते.

१२ फेब्रुवारी
वरूडची संत्री. गोड. बुढ्यानं सहा खाल्ली.

१३ फेब्रुवारी
ललिताले अकोल्याचं स्थळ आलं. देवमन नाव, कचेरीत कारकून. आज पाहून गेला. माझा धर्मपाल, तिचा बाप, जावई भेटल्यासारखाच नाचून राहिला. ललिता पाणी देताना हसली, मी पाहिलं. अन् पोरगा आत आला तवा एक वहाण उंबऱ्यात, एक रांजणाखाली! मले पटला. रविवारी शब्द पक्का करायचा.

१६ फेब्रुवारी
देवमन आला. तोंडात वेलची. अंगणातून सरळ चालत आला. दारात वहाणा काढल्या, जोडीले जोड. आत येता येता मागं फिरला, वाकून पुन्हा सरळ केल्या.
माझा हात पोह्याच्या ताटलीवर थांबला.
धर्मपाल हसतच होता. बुढा खाटेवरून उठला. दारात गेला अन् पायानं त्या दोन्ही वहाणा फिरवून ठेवल्या. तोंडं रस्त्याकडे.