बांडी व्याली का?

सांगली,
सोमवार

प्रिय तानाजी,

हे पत्र वाचायच्या आधी खाली बस. उभ्या उभ्या वाचायला घेशील, अर्ध्यात खिशात कोंबशील आणि मेंढरं उसात शिरली म्हणून पळशील. ओळखते मी तुला. फोनवर हेच करतोस. पाहुण्यारावळ्यांच्या गप्पांना रेंज असते, कांद्याच्या भावाला रेंज असते, पण मी 'लस' म्हटलं की फलटण तालुक्यातले सगळे टॉवर एकदम बंद पडतात. म्हणून कागद. कागद कट करता येत नाही. आणि आपल्या वाडीच्या जोतीरामच्या हातानं मुद्दाम पाठवलंय. तुझं वाचून होईपर्यंत तो तिथून हलणार नाही, आणि नंतरही हलणार नाही. ते का, ते पुढं येईलच.

माझं मागणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकते. मेंढरं सोडून चार दिवस सांगलीला ये. कोकरं पडायचे दिवस आहेत हे मला ठाऊक आहे, धनगराच्या पोरीला ते शिकवत बसू नकोस. तरी ये. तुझी माया इथं लेकीजवळ, माझ्याकडंच आहे. प्रांजल शाळेत जाते-येते. माया अंगण झाडते, माझी भांडी माझ्या हातातून ओढून घेते आणि रोज सकाळी उठल्या उठल्या एकच विचारते, बांडी व्याली का? पाठीवर पांढरे पट्टे असलेल्या त्या मेंढीला तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलंय, एवढं मला माहीत. व्याली की नाही, मी सांगलीत बसून काय सांगणार? तर आता थोडं मागून सुरू करते.

मागच्या महिन्यात प्रांजलच्या शाळेतून निरोप आला. चौदा वर्षांच्या मुलींना गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची लस सरकारी दवाखान्यात फुकट, एकच सुई, पण आईबापाची संमती पाहिजे. मी तिची आत्या. पोरीच्या वेण्या मी घालते, तिला गणित मी शिकवते, ती रुसली की समजूत मी काढते, पण संमतीला आत्या चालत नाही. आणि प्रांजलला पंधरा पुरी व्हायला फार दिवस उरले नव्हते. एकदा पंधरा झाली की ती या फुकटच्या लसीतून बाद. काम एवढंसं होतं. तू 'व्हय' म्हणायचं होतंस. नुसतं व्हय!

आधी म्हणालास, 'आयला इचारतो.' आई काय सांगणार हे तुलाही माहीत होतं. कुणाच्या तरी लग्नात कुणीतरी मोबाईलवर काहीतरी दाखवलं आणि तेव्हापासून आपली आई सुलाबाई वाडीभर सांगत सुटलीय, की ही सुई टोचली की पोरीला लेकरू हुत न्हाई. जत्रेतल्या पालातली काळी गोळी ती डोळे झाकून गिळते, दवाखान्यातल्या सुईला मात्र सतरा शंका. मी तिला समजावलं, इथल्या डॉक्टरबाईंशी फोनवर बोलायला दिलं. ती त्यांना म्हणाली, 'बाई, तुमास्नी किती लेकरं?' त्या म्हणाल्या, एक. झालं. आईचं म्हणणं सिद्ध झालं!

मग तू दुसरं कारण काढलंस, आणि ते मला अजून पचलेलं नाही. 'आक्का, ही तसल्या बायकांची बिमारी. आपली पोर तसली हाय व्हय? लोकं काय म्हनतील?' ताटावर बसले होते मी, तशीच उठले. तसली म्हणजे कसली रे, तान्या? हा रोग देवाला निवद दाखवणाऱ्या, चार लेकरं वाढवलेल्या, आयुष्यात एका नवऱ्यापलीकडं न बघितलेल्या बायकांना होतो. त्याचा विषाणू संसार करणाऱ्या कुणालाही लागतो. कुठून आला ते बाईला कळत नाही, पुरुषाला तर त्याहून नाही. वर्षानुवर्षं आत दडून बसतो. म्हणून तर सुई लहानपणी द्यायची, संसार सुरू व्हायच्या कितीतरी आधी. यात चारित्र्य कुठून आलं?

बरं, तुला लस म्हणजे काय हे कळत नाही म्हणावं तर तेही नाही. तुझ्या मेंढरांच्या खांडातलं एक तरी कोकरू बिनलशीचं आहे का? देवीची कधी, आंत्रविषाराची कधी, बुळकांडीची कधी, सगळं तोंडपाठ. गेल्या साली मी कोरेगावच्या शिवारात तुमच्या तळावर आले होते, आठवतं? तू फोन करून बोलावलंस म्हणून जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून बांधापर्यंत आले. तू वाघरीच्या जाळीआत शिरून एकेक मेंढी पायाला धरून पुढं आणत होतास. तो म्हातारा मेंढा जाळीवरून उडी मारून सुटला, तर तू ढेकळांतून त्याच्यामागं पळालास, आपटलास, गुडघा फोडून घेतलास आणि धरूनच आणलंस त्याला. मी म्हटलं, अरे, एक राहिला तर राहिला. तू माझ्यावर ओरडलास, 'आक्का, एक राह्यलं तर समदं खांड बसंल!' तेव्हा मला तुझा काय अभिमान वाटला होता. आता विचारते, त्यातल्या कुठल्या मेंढीला तू विचारलंस, की बाई, तू तसली आहेस का?

नुसती तुझ्यावरच चिडते असं समजू नकोस. सरकारवरही माझा राग आहे. धोरण कागदावर झकास. तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईची पाच वर्षांतून एकदा तपासणी, गावच्या गावात, फुकट. भिंतीवर हसऱ्या बाईचं चित्र. पण आपल्या वाडीत तपासणीचं शिबिर लागतं थंडीत, आणि तेव्हा निम्मी वाडी मेंढरांमागं परमुलखात. तुम्ही पावसाळ्यात परत येता तेव्हा सांगतात, शिबिर होऊन गेलं, आता डेंग्यूचं काम आहे. मध्ये एकदा माया फलटणकडच्या कुठल्याशा दवाखान्यात स्वतःहून गेली होती. तिथं तिला म्हणाले, तुमचं गाव आटपाडीकडं, तिकडंच दाखवा. माठातलं पाणी पिऊन परत आली बिचारी. हे तुला माहीत नाही. मलाही आत्ता कळलं. तुझ्या मेंढीच्या कानात बिल्ला आहे, ती कुठल्याही तालुक्यात गेली तरी डॉक्टर तिला ओळखतो आणि मागं येऊन सुई देतो. मायाच्या कानात नुसती फुलं आहेत. हे मी इथल्या आरोग्याच्या बाईंना तोंडावर सुनावलं. त्या म्हणाल्या, तुमचं बरोबर आहे, वर कळवा. वर म्हणजे नेमकं कुठं, हे त्यांनाही सांगता येईना.

आता त्या शेवटच्या फोनचं. त्या संध्याकाळी मी ठरवलंच होतं, की आज तुला सोडायचं नाही. तू शेळीची धार काढत होतास, फोन नेहमीसारखा स्पीकरवर लावून पालाच्या खांबाला टांगलेला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. या रोगात आधी काय काय होतं, पाळी नसताना रक्त कसं जातं, नवराबायको जवळ आल्यावर कसं जातं, पांढरं जातं, वास येतो, कंबर धरते, आणि बाया उष्णता झाली म्हणून सब्जाचं पाणी पीत कशा बसतात. धाकट्या भावाशी असलं बोलताना माझीही जीभ अडखळली. पण पोरीचा प्रश्न होता. तू 'आक्का, काय बोलतीस गं' म्हणालास आणि फोन कट केलास. लाजलास. मी चिडून मोबाईल गादीवर आपटला आणि रात्रभर तुझ्या नावानं बोटं मोडली. तू ऐकलं नाहीस याचंच मला दुःख. पालाच्या पलीकडं भाकरी थापत बसलेलं माणूस सगळं ऐकत होतं, हे ना तुझ्या ध्यानात आलं, ना माझ्या.

दोन-तीन दिवसांत माया माझ्या दारात. प्रांजलला ताप आहे, आक्कांनी बोलावलंय, असं तिनं तुला सांगितलं ना? प्रांजलला ताप नव्हता. मी कुणाला बोलावलंही नव्हतं. एरवी जी बाई बाजारालाही तुझ्याशिवाय जात नाही, ती फलटणहून एकटी एसट्या बदलत सांगलीला आली. मला वाटलं, भांडून आली. तिनं चहा घेतला, कपबशी विसळून पालथी घातली आणि भिंतीकडं बघत म्हणाली, 'आक्का, तुमी फोनवर सांगत हुता न्हवं, ते समदं माजंच हाय. वरीस झालं.'

वर्ष झालं, तान्या. एकाच पालात राहता तुम्ही. मी तुला दोष देत नाही, देते तर मलाही देते. प्रांजल झाली तेव्हाचं आठवतं? ऊस तुटून गेलेल्या रानात झाली, आणि माया दोन दिवसांत घोड्यावर कोकरांशेजारी लेकीला बांधून चालायला लागली. आपण सगळ्यांनी काय कौतुक केलं होतं, वाघीण आहे म्हणून! त्या बाईनं 'दुखतंय' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही, आणि आपल्यापैकी कुणी तिला कधी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोघींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. मायाला म्हटलं, आधी तुला दाखवू. ती म्हणाली, 'आधी पोरीचं.' संमतीवर तिनं सही केली. नाव लिहिता येतं तिला, प्रांजलनंच शिकवलंय. 'मायाक्का' हे पुरं नाव लिहायला तिला वेळ लागला, मागं रांग चुळबुळत होती, पण तिनं अंगठा दिला नाही. तर लेकीला लस मिळालेली आहे. दंड जरा दुखला, शाळा बुडवायला निमित्त झालं, बाकी काही नाही. आईला तूच सांग, मला तिच्याशी वाद घालायची ताकद उरलेली नाही. मग माया आत गेली. तिथल्या बाईंनी औषधाचा बोळा लावून बघितलं. बिघाड असला तर तिथं पांढरं दिसतं म्हणे. बाहेर येऊन त्या मला हळूच म्हणाल्या, यांना मिरजेला न्या, लांबवू नका. मिरजेत तुकडा काढून तपासायला दिला.

शनिवारी त्याचा निकाल आला. कॅन्सर आहे. थांब, उठू नकोस, पुढचं वाच. सुरुवातीचा आहे, बाहेर पसरलेला दिसत नाही, पिशवी काढली की बाई बरी होईल, अशी डॉक्टरांना खात्री वाटते. अजून वर्षभर अंगावर काढलं असतं तर असं बोलले नसते. ऑपरेशन गुरुवारी मिरजेला आहे, सरकारच्या योजनेत बसतंय. सगळं ठरलंय, अडलंय ते फक्त मायाचं. तुला कळवू म्हटलं की म्हणते, 'मालकास्नी सांगू नगा, कोकरं पडत्यात, जीव अर्धा करून घेतील.' आणि ऑपरेशनचं विचारलं की म्हणते, 'मालक दारात दिसल्याबिगर मी आत जायची न्हाई.' आता या बाईपुढं मी डोकं कुठं आपटू? म्हणून तिच्या चोरून लिहितेय, आणि म्हणूनच जोतीरामला पाठवलंय. मेंढरांत वाढलेला आहे तो. तू परत येईपर्यंत तो तळावर राहील, एक कोकरू इकडचं तिकडं होऊ देणार नाही. त्याच्याच गाडीवरून फलटण गाठ आणि मिळेल त्या एसटीनं निघ. आल्यावर मोठं काही बोलू नकोस, रडू नकोस, मला का सांगितलं नाहीस म्हणून तर अजिबात विचारू नकोस. आज सकाळीही तिनं विचारलं, बांडी व्याली का. मी म्हटलं, व्याली असेल. ती माझ्याकडं बघून हसली, मी थाप मारतेय हे तिला कळलं. त्या एका प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडं नाही. ते तेवढं येऊन तिला सांग.

रागावलेली, तरी तुझीच,
आक्का