विंचविणीची पिल्ले आणि आमची लतिका

४ फेब्रुवारी १८९४, गिरगाव
बरणीतली विंचवीण व्याली. एकोणीस पिल्ले, पांढरीफेक, सगळी तिच्या पाठीवर. पाच महिने ती एकटी. नर नाही. म्हणजे बापाचा वाटा शून्य. भिंगातून पाहिले: आईचीच नक्कल, एकासारखे एक. थिअरी सिद्ध. आजच पेपर लिहायला घेतो.

५ फेब्रुवारी
पेपर उद्या. शाळेतून आल्यावर डोके दुखले.
मालवणहून सासूबाईंचे पत्र. लतिकेला न्यायला येतात. बिनआईची पोर कोण सांभाळणार, म्हणतात. बाळंतपणात शेवंती गेली त्याला उद्या सहा महिने. मी रडत बसलेलो नाही. मी एक्स्पेरिमेंट करतो.

६ फेब्रुवारी
माणसांत नर लागतो, म्हणून निम्मे निम्मे. त्या न्यायाने लतिकेत अर्धी शेवंती असलीच पाहिजे. ती सापडली की शेवंती या घरातच आहे असे ठरते, मग सासूबाईंना साफ नकार. वहीत रकाने आखले. कपाळ माझे. नाक माझे. कान, दुर्दैवाने, माझेच. शेवंतीचा रकाना कोरा.
आपली जात या विंचविणीसारखी असती तर आज पाळण्यात अख्खी शेवंती असती. फार वाईट वाटले. जेवलो नाही.

११ फेब्रुवारी
पुन्हा मोजले. हनुवटीही माझी. पट्टी लावताच पोर रडली. बहीण गंगू म्हणाली, दादा, एकदा मांडीवर तरी घे तिला. म्हटले, पुरावा सापडला की घेतो.

१९ फेब्रुवारी
पिल्ले कात टाकून खाली उतरली. चौघांच्या नांग्या पिवळ्या. आईची काळी. उजेडाचा दोष असावा.
सायंकाळी धोंडू आला. लाकडाच्या वखारीतून विंचवीण यानेच धरून आणली होती. म्हणाला, मास्तर, मी धरलंय तेव्हाच ती गाभण असतली, वरीसभर पोटात बाळगतत. म्हणजे बाप होता. पेपर रद्द. थिअरी मुळात बरोबरच आहे.

२ मार्च
सासूबाई आल्या. ठणकावून नाही म्हणणार होतो. पण रकाना कोरा. कोणत्या तोंडाने अडवू? न्या म्हटले.

३ मार्च, भाऊच्या धक्क्यावरून परत
आगबोटीच्या कठड्याशी सासूबाईंनी तिला गुदगुल्या केल्या. पोरीने आधी डोळे गच्च मिटले, मग खांदे उडवले, आणि मग हसली. शेवंती अगदी अशीच हसायची. मी थांबा, थांबा म्हणून ओरडलो. शिडी काढून झाली होती.
सात महिन्यांत मी तिला एकदाही हसवले नव्हते. वहीत हसण्याचा रकाना नव्हता.