डाव्या बाजूचे पोचे

जुळे सोलापूर,
गुरुवार, दुपार

प्रिय ऋतुजा,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. तुझ्या पप्पांची या आठवड्यात चिंचोळीच्या कारखान्यात सकाळची पाळी आहे आणि आजीचे गुडघे होते तसेच आहेत. फोन केला असता, पण फोनवर माझं निम्मं बोलणं राहून जातं आणि उरलेलं आजी हातातून ओढून घेते. शिवाय हे बोलताना मला कुणी मध्ये बोललेलं चालणार नाही. तू नीट जेवतेस का, होस्टेलच्या खोलीची कडी आतून घट्ट बसते का, याची काळजी रोज वाटते. पुण्यात रस्ता ओलांडताना सिग्नलच्या भरवशावर राहू नकोस, गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघ. ड्रायव्हर कुठंही बघत असला तरी चाक खोटं बोलत नाही.

शाळेची व्हॅन मंगळवारपासून दारात उभी आहे. शेजारी विचारतात, मी क्लचप्लेट गेली म्हणून सांगतो. माझ्या व्हॅनमधली अकरा पोरं सध्या शाळेचा दुसरा व्हॅनवाला जोतिराम त्याच्या गाडीतून नेतो, बिचारा दोन खेपा करतो. त्याबद्दल पुढं लिहितो.

तुझा तो हातात धरून खेळायचा गेम जपून ठेवलाय. चार्जिंगला लावला की पूर्ण होईपर्यंत मी शेजारीच बसतो, कारण तो तापला तर काय करायचं हे तू सांगून गेली नाहीस. सुट्टीत तू पहिल्यांदा तो माझ्या हातात दिलास तेव्हा मी म्हणालो होतो, गाड्यांनी गाड्यांवर बाँब टाकायचे हे कसलं खूळ. मी सातवी नापास माणूस, मला त्यातली इंग्रजी अक्षरंही धड लागत नव्हती. पण तू मला तो पाण्याचा टँकर निवडून दिलास आणि पहिल्याच वळणावर मी सावरून बसलो. तुला ठाऊक आहे, मी एकवीस वर्षं टेंभुर्णीहून पुण्याला दुधाचा टँकर नेला. अर्धा भरलेला टँकर काय असतो ते चालवणाऱ्यालाच कळतं. ब्रेक मारला की गाडी थांबते, आतलं दूध थांबत नाही. क्षणभरानं ते मागून येतं आणि सगळी गाडी पुढं ढकलतं. तुझ्या गेममधल्या टँकरला गोळी लागून पाणी गळायला लागलं, तो अर्धा झाला, आणि मी ब्रेक मारल्यावर त्यानं अगदी तसाच धक्का दिला. माझा पाय पलंगावर बसल्या बसल्या दाबला गेला. ज्यानं कुणी हा गेम बनवला तो माणूस कधीतरी अर्ध्या टँकरच्या केबिनमध्ये बसला असणार, नाहीतर बसलेल्या माणसाचं त्यानं नीट ऐकून घेतलं असणार. दोन्हीही सोपं नाही. एवढ्याशा पाटीएवढ्या वस्तूत त्यानं प्रत्येक गाडीचा स्वभाव घातलाय. तीनचाकी वळताना एक चाक उचलते, रिकामा ट्रक मागून उडतो. मला त्या माणसाला एकदा चहा पाजावासा वाटतो.

खेळायला मात्र मला जमेना. तू मागून आलीस की माझा हात आपोआप टँकर कडेला घ्यायचा, आणि तू बाजूनं जाता जाता रॉकेट घालायचीस. तू हसून लोळायचीस आणि म्हणायचीस, "आबा, युद्ध चाललंय हितं, साईड काय देताय?" एकदा एक गाडी उलटली म्हणून मी टँकर शेजारी नेऊन थांबवला, तर तिनंच मला उडवलं. आजी भाकरी थापता थापता म्हणाली, "थांबा अजून. पाणी पाजा त्याला." टँकर आणि व्हॅन मिळून तीस वर्षांच्या सवयी हातातून जात नाहीत बघ.

तुझं चालवणं मी मनापासून बघायचो. तू ती छोटी रुग्णवाहिका घ्यायचीस, जिला ना धड पत्रा ना मोठी बंदूक. खांबाआड उभी राहायचीस आणि समोरच्याची रॉकेट संपेपर्यंत हलायची नाहीस. एवढा धीर माझ्याबरोबरच्या जाणत्या ड्रायव्हरांतही दोघा-तिघांकडेच होता. हे मी तुला तोंडावर कधी म्हणालो नाही, कारण तू शेफारशील असं वाटलं. आता लिहितो.

प्रत्येक लढाई संपली की गेम आपल्या गाडीचं चित्र दाखवतो, कुठं कुठं मार लागला ते. तुझ्या गाडीला सगळीकडे थोडे थोडे पोचे असायचे. माझ्या टँकरची उजवी बाजू नव्यासारखी आणि डावी चेपलेली. तू ते चार-पाच दिवस बघितलंस. मग म्हणालीस, "आबा, डावीकडून खाली कोपऱ्यातून आलेलं तुमाला दिसत न्हाय का?" मी म्हणालो, तुझं मशीनच डावीकडं बिघडलंय. दोघं खेळताना पडदा अर्धा तुझा, अर्धा माझा असायचा; माझा अर्धा भाग तू घेतलास आणि तुझा मला दिलास. तरी पोचे माझ्याच डाव्या बाजूला. तेव्हा तू हळूच म्हणालीस, एकदा डोळे तपासून घेऊ, तुम्ही पोरांची गाडी चालवता. त्यावर मी काय बोललो ते पुन्हा लिहवत नाही. चार दिवस बटणं दाबून मला गाडी शिकवायला निघालीस, आणि असंच आणखी बरंच. दोन दिवस बोललो नाही. दोन आठवड्यांमागच्या रविवारी तू पुण्याला निघालीस तेव्हा एसटी स्टँडवर पप्पा आले, मी नाही आलो. मी व्हॅनच्या काचा पुसत बसलो होतो. त्या आधीच स्वच्छ होत्या.

तू गेल्यावर तुला खोटं पाडायचं म्हणून मी रोज सकाळची खेप झाली की मशीनशी खेळत बसलो. हरलो. मग एके दिवशी मान डावीकडं वळवून खेळलो आणि जिंकलो. सरळ बसलो की पुन्हा हरलो. आजी म्हणाली, "आवो, कोंबडीवानी मान वाकडी करून काय बघतायसा?" ती हसली, मी नाही हसलो. ते मशीन मला खरं सांगत होतं आणि मी त्याच्यावर डाफरत होतो. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हॅन काढलीच. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

या मंगळवारी शाळेच्या फाटकाशी पोरं उतरली. मी डावा आरसा बघितला, मोकळा होता. डाव्या दाराच्या काचेतून खाली बघितलं, मोकळं होतं. क्लच सोडला, आणि एक बाई दोन्ही हात वर करून व्हॅनसमोर धावत आली. पहिलीतली संस्कृती डाव्या पुढच्या चाकाशी वाकून, पडलेली पाण्याची बाटली उचलत होती. चाक आणि तिच्यात वीतभर अंतर होतं. तिला काहीही झालं नाही, काही कळलंही नाही, ती बाटली घेऊन आत पळाली. मी व्हॅन तिथंच बंद केली आणि जोतिरामला बोलावून घरी आणवली. काल एकटाच दवाखान्यात गेलो. डोळे चांगले आहेत, डॉक्टर म्हणाले. डोक्यातली एक बारीक नस कधीतरी बंद पडली असणार आणि तिच्याबरोबर दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा डावीकडचा खालचा कोपरा गेला. गेला हे माणसाला स्वतःला समजतच नाही म्हणे. गोळ्या आयुष्यभर आहेत, गेलेलं परत येणार नाही, गाडी बंद.

तर ऋतुजा, तुझं बरोबर होतं आणि माझं चूक होतं, हे मी आधी तुला लिहितोय, कारण तुला हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको. तू मला वेळेत सांगितलं होतंस. मी अहंकारानं फुगलो नसतो तर तो मंगळवार उजाडलाच नसता. पत्र टपालात टाकून आज संध्याकाळी मी अकरा घरी जाणार आहे, क्लचप्लेटचं खोटं बोललो ते सांगायला. पप्पांनाही जेवायच्या आधी सांगेन, ओरडले तर ऐकून घेईन. पण पहिल्यांदा संस्कृतीच्या घरी जातो. तिच्या आईला अजून काहीच माहीत नाही. ती काय म्हणेल ठाऊक नाही, तरी ते मीच सांगायला हवं.

तुझाच,
आबा
(हरिबा)