वहिनीचा कॉम्प्युटर आणि माझं बत्तीस-चौसष्ट

सोमवार, ६ मार्च
वहिनीच्या दातांच्या दवाखान्यात रिपोर्टचं नवं सॉफ्टवेअर बसवायचंय. ती म्हणाली, कंपनीचं माणूस बोलावू. म्हटलं, घरात दीर असताना परकं माणूस कशाला? दादा गप्प राहिला. म्हणजे विश्वास आहे.

मंगळवार, ७ मार्च
बसवलं. पेशंटच्या डेटाबेसशी बोलायला मात्र तयार नाही. लांबलचक एरर येते. असल्या एरर वाचायच्या नसतात, ओके दाबायचं असतं. बरंच दाबलं. उद्या बघू. घाईने कामं बिघडतात.

गुरुवार, ९ मार्च
केबल बदलली. रीस्टार्ट. पुन्हा रीस्टार्ट. वहिनीने विचारलं, झालं का? म्हटलं, नव्वद टक्के.

शुक्रवार, १० मार्च
नाइलाजाने एरर वाचली. प्रोग्राम चौसष्ट बिटचा, ड्रायव्हर बत्तीसचा. ड्रायव्हर म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातला दुभाषी. दोघांचं बिटचं माप जुळलं नाही तर संवाद खुंटला. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. फक्त शब्दांत मांडलं नव्हतं.
वहिनी म्हणाली, मग दोन्ही ड्रायव्हर ठेवले तर? म्हटलं, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. जुना काढला, चौसष्टचा टाकला. रिपोर्ट निघाला! दादा चक्क 'वा' म्हणाला.

शनिवार, ११ मार्च
वहिनीचा फोन. पेशंटच्या नोंदींचा जुना प्रोग्राम उघडत नाही. तो बत्तीस बिटचा निघाला, काढलेल्या ड्रायव्हरवर जगत होता. हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं.
धावत गेलो. एक आजोबा सुजलेला गाल धरून बसलेले. दाढ काढायची होती. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, त्यांना आठवेना. नोंद आत अडकलेली. वहिनीने धोका नको म्हणून त्यांना परत पाठवलं. मी तेव्हा टेबलाखाली वाकून केबल तपासत होतो. केबलला काही झालेलं नव्हतं. तरी बराच वेळ वर आलो नाही.

सोमवार, १३ मार्च
कंपनीच्या इंजिनिअर बाई आल्या. दोन्ही ड्रायव्हर शेजारीशेजारी बसवले, उभ्याउभ्याच. दोन्ही प्रोग्राम सुरू.
आजोबा पुन्हा आले. त्यांनी विचारलं, परवा काय बिघडलं होतं? मी सांगणारच होतो. तेवढ्यात वहिनी म्हणाली, काही नाही हो, मशीन जुनं झालंय, रुसतं अधूनमधून. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.
आजोबा गाल धरून मला म्हणाले, तुम्ही होतात म्हणून बरं, नाहीतर पोरीने एकटीने काय केलं असतं?
मी म्हटलं, हो ना.