‘द.’ म्हणजे बाग नव्हे

रविवार, १३ मार्च १९८३. सकाळी दहा वाजून वीस मिनिटे.
वेळ मुद्दाम लिहून ठेवते. याच वेळी खाणीच्या मॅनेजरने माझ्या पाहणीच्या अहवालावर लाल रेघ मारली. माळावर चुनखडी खोदायची आहे, त्याआधी तिथे काय उगवतं ते लिहून द्या, असं त्यांनीच त्यांच्याकडे नोकरीला असलेल्या माझ्या मुलामार्फत, शिरीषमार्फत विचारलं होतं. आई वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झाली, बहारीनला येऊन नुसती बसली आहे, तर तिला सांगू, ही शि.ची कल्पना. सहा आठवडे सुतळीने चौकटी आखल्या, एकेक झुडूप मोजलं. गुडघ्यांची सालं निघाली. आणि हा म्हणतो, "मॅडम, दिस इज ओल्ड गार्डन. कुणीतरी लावलेलं. खलास."
शनिवार ता. २६ पासून खोदाई.
बाग म्हणे, म्हणजे रानातलं राखण्यासारखं काहीच नाही, खणायला मोकळे. ना विहीर, ना कुंपण, ना माळी.

सोमवार, १४.
टाइप केलेली प्रत मागवून वाचली. उत्तरेच्या सगळ्या चौकटींत एकच शेरा: ‘दवणा, लागवडीचा’.
माझ्या हस्तलिखितात नुसतं ‘द.’ आहे. झुडूप दवण्याच्याच कुळातलं, पण रानटी. पहिल्या दिवशी पान चुरगळलं तर थेट दवण्याचा वास. लॅटिन नाव लांबलचक, उन्हात कोण लिहितं, म्हणून द. वहीच्या शेवटच्या पानावर खुलासा केला होता. ते पान माझ्याकडेच राहिलं.
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बजावायच्या, लेबलवर संक्षेप चालणार नाही. आज असत्या तर या वयात पट्टी खाल्ली असती.

मंगळवार, १५.
टायपिस्ट पवार संध्याकाळी घरी आला. सासवडकडचा. चहाला हात लावेना.
"काकू, द म्हंजी दवणाच की. आमच्याकडं शेतं असत्यात त्याची. आपआपलं उगवल्यालं मी कधी बघितलंच न्हाई. म्हटलं, काकू लिहायच्या राहिल्या, आपण पुरं करावं."
"विचारायचं नाही का रे?"
"तुमच्या अक्षराला कोण विचारणार?"
हसू आलं, तेही रागातच. याने दुरुस्त पान टाइप करून साहेबापुढे ठेवलं होतं. उत्तर: सही झाली, आता बदल मफी. इथल्या भाषेत मफी म्हणजे नाही.

शुक्रवार, १८.
शि. कुरकुरत माळावर घेऊन गेला आणि गाडीतच बसून राहिला. खाणीचा राखणदार अबू हसन मूळ बुदैयाचा, तिथे त्याची खजुराची बाग. मोडक्या हिंदीत विचारलं, हे कुणी लावलं? तो इतका हसला की खोकला लागला. या झुडपाला तो शीह म्हणतो.
"शीह? कोई नहीं लगाया. मेरी माँ पेटदर्द में देती थी. बाप ने बुदैया में लगाया, तीन बार. पानी दिया, मर गया. इधर पानी नहीं, इधर जिंदा."
तीनदा लावून जे बागेत जगलं नाही, ते म्हणे बागेतलं. जबानी लिहून घेतली, खाली त्याने अरबीत सही केली. "इंशाल्ला," म्हणाला. मी म्हटलं, इंशाल्ला ठीक, पण तारीख पण घाल.
बेटावर हे झुडूप मला दुसरीकडे कुठेही दिसलेलं नाही. खाणीला दक्षिणेकडचा सगळा माळ मोकळा आहे. मागणं एवढंच, की उत्तरेचा तुकडा सोडा.

शनिवार, १९.
शि.शी वाजलं.
"आई, माझा व्हिसा त्यांच्या हातात आहे. तुझाही."
"मग माझा रद्द करू देत. बोर्डिंग पास घेऊन भांडेन."
"चूक पवारची, तू कशाला अंगावर घेतेस?"
पवारचं नाव पत्रात येणार नाही. त्याची नोकरी जाईल. अक्षर माझं, चूक माझी, आणि झुडपं मात्र कुणाचीच नाहीत, म्हणून कुणीतरी...
नात इंग्रजीत म्हणाली, आजी, आर यू गोइंग टु जेल? म्हटलं, जागा बरी असेल तर.

सोमवार, २१.
पत्र झालं. शि. पोचवणार नाही म्हणाला, तेव्हा मी घरून, गुदैबियाहून टॅक्सी करणार. मग दारात येऊन त्याने इंग्रजी पत्रातली स्पेलिंगची एक चूक दाखवली आणि आत गेला. इथे मराठीत उतरवून ठेवते:

‘महाशय, अहवालातील "दवणा, लागवडीचा" हा शेरा चुकीचा आहे. मूळ संक्षेप माझा, त्याची जबाबदारी माझी. झुडपे रानटी आहेत. राखणदाराची सही असलेली जबानी आणि वहीचे शेवटचे पान सोबत जोडले आहे. चूक माझ्या एका अक्षराची होती. ती कळल्यावरही आपण खोदलेत, तर ती चूक राहणार नाही, तो आपला निर्णय ठरेल. तो निर्णय मला आपल्या सहीने कागदावर हवा. टेलिफोन नको, मुलाकरवी निरोप नको. उत्तरेचा तुकडा सोडणार की नाही, याचे लेखी उत्तर गुरुवार, ता. २४ मार्च, दुपारी बारापूर्वी माझ्या हाती पडावे.’